पंचमाची जागा

पंचम काही केल्या लागेना.

गोकुळदासने ट्रॉम्बोनची सरकती नळी पुन्हा पार टोकापर्यंत ढकलली. हात ताठ झाला. तिथून त्याने सा फुंकला. सा ठीक होता. मग नळी थोडी थोडी जवळ ओढत तो वर चढू लागला. रे, ग, म. नळी पूर्ण आत आली आणि स्वर तीव्र मध्यमावर येऊन थांबला. पुढे रस्ताच नाही. कारापूरच्या देवळात चाळीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाला पाच स्वर धड काढता येत नव्हते. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी त्याला लाज वाटली.

डिचोलीच्या बँडमधला पांडुरंग एकदा सलूनमध्ये बोलता बोलता म्हणाला होता, या वाद्याला बटणं नसतात, नळीच्या सात जागा असतात, त्या आपल्या आपण शोधायच्या. सात जागा म्हटल्यावर भजनी माणसाच्या डोक्यात दुसरं काय येणार? गोकुळदासने स्टूल भिंतीला लावून घेतलं. नळीचं टोक जिथे जिथे पोचेल तिथे भिंतीवर खडूने सात रेघा मारल्या आणि प्रत्येक रेघेवर एकेक स्वर लिहिला. जवळ सा, लांब नी. पहिल्याच दिवशी कळलं की नळी जितकी लांब जाते तितका स्वर खाली उतरतो. मग अक्षरं पुसून उलटी लिहिली. तरीही जमेना. रेघा कानाने ताडून मागेपुढे सरकवल्या, तेव्हा दिसलं की पेटीवर सा ते नी जायला जेवढी वाट लागते, तिच्या निम्म्यातच ही नळी संपते.

हा सगळा खटाटोप मुलासाठी, निहारसाठी होता. दोन वर्षांपूर्वी निहारने पेटी सोडून हे वाद्य धरलं, तेव्हा गोकुळदास देवळात चारचौघांसमोर म्हणाला होता, हें नळकांडें घेवन देवळाची पायरी चडूं नाका. निहार पायरी चढला नाही. जुनं वाद्य घरी ठेवून तो जहाजावरच्या बँडमध्ये गेला. तेव्हापासून बापलेकांचं जे काही बोलणं होई ते त्याच्या बायकोच्या, सुमंगलाच्या तोंडून. गेल्या महिन्यात ती म्हणाली, “चवथीक तो येवचो ना म्हणता. बाबांनी स्वता बोलयल्याशिवाय घरात पाय घालचो ना म्हणता.”

गणपतीची चवथ आता तीन आठवड्यांवर आली होती. मुलाला फोन करून ‘ये’ म्हणायचं गोकुळदासच्या जिवावर येत होतं. चूक आपली, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तर जास्तच. शेवटी त्याने आपल्यापुरता मार्ग काढला. या नळकांड्यावर भजनाच्या गजराची एक ओळ बसवायची आणि सुमंगलाला ती फोनवर ऐकवायला लावायची. पोरगा समजायचं ते समजेल. पण गजराची पहिली ओळ पंचमावरच उभी होती.

बुधवार होता. सुमंगला डिचोलीच्या बाजाराला गेली होती. दुपारपर्यंत फुंकून फुंकून गोकुळदासचे ओठ सुजले. पांडुरंगाला विचारलं असतं तर संध्याकाळच्या आत बाजारभर झालं असतं. एकवेळ पोराची समजूत नाही काढली तरी चाललं असतं, पण स्वर सापडत नाही म्हणजे काय! रागाच्या भरात त्याने फोन उचलला आणि या दोन वर्षांत कधी लावला नव्हता तो नंबर लावला.

“बाबा?” निहार घाबरला होता. “आई बरी आसा मां?”

“बरी आसा. बाजाराक गेल्या.” गोकुळदास खाकरला. “आयक. तुज्या त्या नळकांड्यार पंचम खंय आसता?”

पलीकडून उलट प्रश्न आला.

“तुमी सा खंय धरलात?”

“पार टोकाक. हात ताठ करून.”

“मगे पंचम थंयच आसा, बाबा. सा च्याच जाग्यार. हात हालोव नकात. ओठ मात्शे आवळात आनी फुंकात.”

गोकुळदासने फोन खिडकीत ठेवला. हात ताठ केला, ओठ आवळले आणि फुंकलं. पंचम लागला. स्वच्छ, खणखणीत. पेटीवर ज्या त्या स्वराला ज्याची त्याची पट्टी; एकाच जागी राहून दोन स्वर निघतात हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. त्याला आनंद झाला, आणि ही विद्या पोराने आपल्याशिवाय शिकली याचं फार वाईट वाटलं.

“लागलो,” निहार फोनवरून म्हणाला.

“लागलो.” गोकुळदासने फोन कानाला लावला. आता नाही तर कधीच नाही. “निहारा, चवथीक...”

“चवथीक येतंय न्ही, बाबा! तिकीट केन्नाच काडलां. तुमी माका बोलयलां म्हणून आईन सांगलां, त्याच दिसा.”

गोकुळदासने मान वळवली. सुमंगला दारात उभी होती, हातात बाजाराच्या दोन पिशव्या. कधीपासून ऐकत होती कोण जाणे. त्याच्याकडे न बघता ती खाली बसली आणि पिशवीतली दोडकी एकेक करून बाहेर काढू लागली.

“बाबा?” निहारचा आवाज एकदम बारीक झाला. “तुमीच बोलयलां न्ही?”

“हय,” गोकुळदास म्हणाला. “मीच बोलयलां.”