येसराची पानं

"एवढ्या पानांत भागंल का हो, विहीणबाई?" सिताबाईनं सुपात डोकावत विचारलं.

मथुराबाई तमालपत्राच्या पानावरची पांढरी कीड ओल्या फडक्यानं टिपत होती. खालून तळहात, वरून फडकं. तान्ह्याचं तोंड पुसावं तसं.

"भागंल की. झाड चार वर्सांचं झालंय. पयल्यांदाच तोडलीत पानं."

लेकीचं, राजनंदिनीचं, तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी मथुराबाईनं हे रोप आणलं होतं. तामलवाडीच्या उन्हात ते जगायचं नाही, असं सगळे म्हणाले. तिनं बारदानाची सावली केली, स्वतःच्या अंघोळीचं पाणी तोडून त्याला घातलं, शेणखत हातानं चुरून दिलं. लेकीला गावातल्याच सासरच्या विहिरीतून वर काढलं, तेव्हा पाय घसरला म्हणून सांगितलं गेलं. मथुराबाई त्यावर पुन्हा कुणाशी बोलली नाही. बोलायची ती झाडाशी.

आता बजरंगचं, त्याच जावयाचं, दुसरं लग्न निघालं होतं. ईट गावच्या, नवरीकडच्या पाव्हण्यांना सांगितलं होतं, पहिली काविळीनं गेली. तिच्या आईनंच येसराच्या मसाल्याला पानं दिली म्हटल्यावर कुणी काही खोदून विचारणार नव्हतं. सिताबाई त्यासाठीच आली होती.

"मागचं मनात ठिवू नका," ती म्हणाली.

"न्हाय ठिवत."

सुपाशेजारी कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्यांचा ढीग होता. सिताबाईची नजर तिथं अडली. "ही कशापायी तोडली?"

"लई वाढली व्हती. इखारी झाड. शेरडाच्या तोंडात गेलं तर शेरडू जातंय."

सिताबाईनं सुपातलं एक पान चुरून हुंगलं. वास खरा होता. पानं घेऊन ती गेली.

लग्नाच्या दिवशी अक्षता दुपारच्या होत्या; पंगत आधीच बसली. मथुराबाई इरकली लुगडं नेसून आली. येसर आमटीचा वास मांडवभर दरवळत होता. समोर नवरीचे वडील, बिभीषण, बसले होते.

"ह्या आमच्या पयल्या सुनंच्या आई," सिताबाई वाढता वाढता म्हणाली. "येसराची पानं ह्यांनीच दिली बघा."

"मोठं मन पायजे त्येला," बिभीषण म्हणाले आणि भाकरी कुस्करायला लागले.

मथुराबाईनं भाकरी खाल्ली, भात खाल्ला. आमटीच्या वाटीला हात लावला नाही.

"आमटी घ्या की, विहीणबाई."

"तुमी घ्या आदी. तुमच्या घरचं कार्य हाय."

"अवो, घ्या म्हणते ना!"

"मला आज नगं."

सिताबाईनं वाटीकडं पाहिलं. मग मथुराबाईच्या तोंडाकडं. पलीकडं बजरंगनं वाटी ओठाला लावली होती.

सिताबाईच्या हातातली पळी खाली पडली. "बजरंग, थुक! थुक ते! कुनी खाऊ नका! हिनं कण्हेर दिलीया त्यात! लेकीचा सूड घेतीया ही!"

पंगत ताडकन उठली. बिभीषण हातातला घास तसाच धरून उभे राहिले.

"कसला सूड? पोरगी तर काविळीनं गेली ना?"

मथुराबाईनं आपली वाटी दोन्ही हातांनी उचलली, एका दमात सगळी आमटी प्यायली आणि पदरानं तोंड टिपलं.

"पानं तमालपत्राचीच हायत, विहीणबाई," ती म्हणाली. "पाव्हणं काय इचारत्यात, त्येचं उत्तर द्या."