बिटाचं छत

मुलांच्या पोटात भाज्या जाव्यात म्हणून सुतारकाम करणाऱ्या बाबाने सुट्टीच्या दिवशी कंबर कसली. गाजराचे खांब, काकडीच्या भिंती आणि वर बिटाचं उतरतं छत. कानाला पेन्सिल अडकवून, पट्टीने मापं घेत त्याने दीड तास महाल उभारला. छत तिरकं बसतंय म्हणून एक खांब दोनदा तासला. दोन्ही चिमुरडी ओट्याखाली फतकल मारून बसली होती. "पुरा होईपर्यंत हात लावायचा नाही," असं तो अधूनमधून बजावत होता.

अखेर महाल टेबलावर आला.

"चला, आता खा."

"पोट भरलं," धाकटा म्हणाला.

"काय खाऊन?"

मोठीने ओट्याखालची ताटली पुढे केली. तासताना निघालेले तुकडे बाबा तिच्यात टाकत होता. आता ती लख्ख रिकामी होती.

"मग हे कोण संपवणार?"

"तूच. अन्न टाकायचं नाही, तूच म्हणतोस ना?"

बाबा खायला बसला. भिंती खाल्ल्या, खांब खाल्ले आणि छताशी येऊन अडला. बिटाला त्याने लहानपणापासून तोंड लावलं नव्हतं.

मोठी जवळ सरकली आणि थेट त्याच्याच सुरात म्हणाली, "बरं, एकच घास. नुसता चाखून तर बघ."