खालची अक्षरं

“चमचे कशाला आणलेस? संच म्हणालो मी, संच!”

चंद्रहासच्या आवाजाने विनया दारातच थबकली. तिच्या हातात चार चमचे होते. सोफ्यावर बसलेल्या फ्रेडरिकला आणि त्याच्या बायकोला, ॲनिशाला, हसू आवरेना. मग विनयाही हसली. चमचे टेबलावर ठेवून तिने कपाटातला निळा खोका काढून दिला.

“हिचं लक्षच नसतं,” चंद्रहास पाहुण्यांना म्हणाला.

फ्रेडरिक जवळच्याच गास गावचा. चंद्रहास विमा कंपनीतून निवृत्त झाला तेव्हा त्याच्या हाताखालचा सगळ्यात तरुण कारकून. त्यालाही आता जुन्या सिनेमांचं वेड लागलं होतं. कृष्णधवल चित्रपटांच्या डिस्कचा एक संच त्याच्या मनात भरला होता, पण घ्यावा की नाही ते ठरत नव्हतं. म्हणून रविवारी दुपारी बायकोला घेऊन तो नायगावला सरांच्या फ्लॅटवर आला होता. या फ्लॅटची एक अख्खी भिंत अशा संचांनी भरलेली होती.

“पण सर, सगळं फोनवर दिसतंच की आता. मग हे विकत घेऊन वेगळं काय मिळतं?”

चंद्रहास याच प्रश्नाची वाट बघत होता. तो सरसावून बसला.

“फोनवर दिसतं, पण कसं? कापलेलं, पुसट. शिवाय उद्या त्यांनी काढून टाकलं, तर कोणाला जाब विचारणार? इथे मूळ रिळं शोधून एकेक चौकट साफ केलीय. आणि आवाज! पैंजणाचं एकेक घुंगरू वेगळं ऐकू येतं. विनया, सांग ना यांना, आवाजात किती फरक पडलाय ते.”

विनयाने त्याच्याकडे बघितलं. “हो, छान आहे,” ती म्हणाली.

“छान!” चंद्रहासने कपाळावर हात मारला. “दर रविवारी माझ्या शेजारी बसते, आणि समज एवढीच. विनोदालासुद्धा माझ्यानंतर हसते. ट्यूबलाइट आहे नुसती.”

या वेळी एकटा फ्रेडरिकच हसला, तेही थोडंसं.

चंद्रहासने डिस्क लावली. पडदे ओढले. पहिल्या दोन प्रसंगांतच ॲनिशा चुळबुळ करायला लागली. “सर, खाली इंग्लिश लावता येईल? हे जुनं उर्दू मला झेपत नाहीये.”

अक्षरांनी चित्र बिघडतं, सिनेमा वाचायचा नसतो, हे चंद्रहासचं ठाम मत. त्याच्या घरात ती अक्षरं कधीच लागली नव्हती. पण पाहुणीला नाही कसं म्हणणार? त्याने रिमोट उचलला आणि अक्षरं लावली.

विनया खुर्ची पुढे ओढून बसली.

पडद्यावर कंजूष मुनीम मालकाला हिशेब समजावत होता. चेहरा सुतकी, बोलणं मात्र इरसाल. त्याचं वाक्य तोंडातून निम्मंच बाहेर पडलं होतं, तोच विनया खळखळून हसली. सगळ्यांच्या आधी. चंद्रहासने चमकून तिच्याकडे बघितलं. तिचं लक्ष नव्हतं. ती पडद्याच्या तळाशी नजर लावून बसली होती, आणि परीक्षेतला पेपर सोपा निघावा तसा तिचा चेहरा उजळला होता.

पुढे नायकाने कोर्टात सावकाराकडे बोट दाखवून काही सांगितलं, तेव्हा ती खुर्चीतून अर्धवट उठलीच.

“अय्या! म्हणजे हा त्याचा सख्खा भाऊ!”

ॲनिशाने मान डोलावली. “मलाही आत्ताच कळलं, आंटी.”

चंद्रहास मात्र जागच्या जागी गोठला. हा सिनेमा त्याने विनयाला शेजारी बसवून चार-पाच वेळा तरी दाखवला होता.

पुढचं त्याला काही दिसलं नाही. तिने मुदतीआधी शाळेची नोकरी सोडली होती. ‘मुलांचा कंटाळा आला’ म्हणाली, आणि त्याने ते खरं धरलं होतं. हाक मारली तरी ती वळायची नाही, तेव्हा तो तिला रुसूबाई म्हणायचा. चारचौघांत. तिच्या बहिणींसमोर, सोसायटीच्या लोकांसमोर. आजही, या पोरांसमोर ट्यूबलाइट म्हणाला.

पाहुणे निघाले. “घेतोच सर, संच,” फ्रेडरिक दारात म्हणाला. चंद्रहासने नुसता हात हलवला.

विनया स्वयंपाकघरात कप विसळत होती. त्याने मागून तिचं नाव घेतलं. मग पुन्हा, जरा मोठ्याने. शेवटी तो ओट्यापाशी, तिला दिसेल असा जाऊन उभा राहिला आणि त्याने नळ बंद केला.

“कधीपासून?”

काय, असं तिने विचारलं नाही. पदराला हात पुसले.

“डावा कान आधी गेला. उजव्याने अजून येतं थोडं, तुम्ही ओरडलात की.”

“मला सांगायचं तरी.”

“एकदा म्हटलं होतं, खाली अक्षरं लावा म्हणून.”

त्याला आठवलं. मित्र बसले होते. ‘पुस्तक वाच त्यापेक्षा,’ असं म्हणून त्याने सगळ्यांना हसवलं होतं.

“अक्षरांचं सोड. ऐकू येत नाही, असं सरळ का नाही सांगितलंस?”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रात्रीच्या जेवणाला काय करू, हे विचारावं इतक्या साधेपणाने ती म्हणाली, “सांगितलं असतं, तर तुम्ही एकटेच बघत बसला असता.”

‘छे गं, काहीतरीच काय,’ असं म्हणायला चंद्रहासने तोंड उघडलं. ती त्याच्या ओठांकडे बघत थांबली. ओठ हललेच नाहीत.