आजचा श्रोता

"आवाज बदला, पण नाटकीपणा नको," चपला घालता घालता हेमांगीनं नवऱ्याला बजावलं. "गेल्या रविवारी तुम्ही इतके खोकलात, की पाहुण्या कवींनी मध्येच थांबून तुमच्या तब्येतीची चौकशी केली."

"आज नाव काय सांगू?" प्रल्हादनं पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"सुचेल ते. आणि आपला रेडिओ बंद ठेवा. नाहीतर फोनमध्ये शिट्टी वाजते."

माणिकपूरहून वसई गावाकडे जाणाऱ्या रिक्षात बसून हेमांगी मनातल्या मनात सगळ्या देवांना साकडं घालत होती. गावातल्या एका छोट्याशा रेडिओ केंद्रावर ती दर रविवारी सकाळी लेखकांच्या आणि गोष्टी सांगणाऱ्यांच्या मुलाखती घ्यायची. शेवटी श्रोत्यांचे थेट फोन. या कार्यक्रमावर तिचा जीव होता. श्रोत्यांचा किती होता ते कळायला मार्ग नव्हता, कारण फोन करायचा तो एकटा प्रल्हाद. कधी विरारचे निवृत्त मास्तर, कधी नायगावचे औषधवाले. एकदा तर तो धोंडूबाईसुद्धा झाला होता. पुस्तक म्हणून त्यानं आयुष्यात बँकेच्या पासबुकाशिवाय काही उघडलं नव्हतं, त्यामुळे प्रश्नही हेमांगीच पढवायची.

केंद्र चालवणारे लुईससर आज दारातच उभे होते.

"हेमांगीताई, स्पष्टच बोलतो. आज एक तरी धड फोन यायला हवा. नाहीतर पुढच्या रविवारपासून तुमच्या जागी भक्तिगीतं. मुलाखती हव्या तर इंटरनेटवर टाकू. पॉडकास्ट म्हणतात त्याला."

"तिथं कोण ऐकणार, सर?"

"इथं कोण ऐकतंय?" लुईससर म्हणाले आणि आत गेले.

पाहुण्या होत्या आशालता चुरी. मिठागरात राबणाऱ्या माणसांवर त्यांनी कादंबरी लिहिली होती. बाई गोड, पण बोलणं सावकाश. एक वाक्य सुरू करून त्या खिडकीबाहेर बघायच्या. हेमांगीचा जीव टांगणीला लागलेला. ती प्रत्येक वेळी त्यांचं वाक्य स्वतःच पूर्ण करून टाकायची. काचेपलीकडे लुईससर घड्याळ बघत होते.

अखेर फोनचा दिवा लुकलुकला. हेमांगीचा श्वास मोकळा झाला.

"नमस्कार! कोण बोलतंय?"

"मी जूचंद्रवरून बोलतो. नाव काय करायचंय?" आवाज घोगरा, जाड. "आमी पन मिठागरातलीच मानसं. बाई, तुमी खाजनातल्या खाऱ्या पान्याचं लिवलंय ते एकदम बरोबर हाय."

हेमांगीनं मनातल्या मनात कपाळावर हात मारला. नाटकीपणा नको म्हणून सांगितलं, तर हे आज बोलीच घेऊन आले!

"काका, तुमचा प्रश्न विचारा," ती जरा करड्या आवाजात म्हणाली.

"प्रश्न तुमालाच हाय. तुमी पावन्यांना बोलू का देत नाय? ती बिचारी तोंड उघडते, की तुमी घुसलाच."

आशालताबाईंनी घाईघाईनं पाण्याचा पेला तोंडाला लावला. हेमांगीचे कान तापले. हा प्रश्न काही तिनं पढवलेला नव्हता. इतक्या वर्षांचा राग काढायला यांना हीच वेळ मिळाली?

"असं का?" ती साखरेसारख्या आवाजात म्हणाली. "तुमच्याही घरी तुम्हाला कुणी बोलू देत नाही वाटतं?"

"बायको देत नव्हती. आता ती गेली."

चांगली धडधाकट बायको इथं बसलेली, आणि हे भर रेडिओवर तिला मारून मोकळे!

"बरं झालं की!" तिच्या तोंडून निघून गेलं. "सुटलात!"

काचेपलीकडे लुईससरांनी डोकं धरलं. आशालताबाईंचा पेला हवेतच थांबला.

"सुटलो कुठं, बाई," आवाज अगदी खाली आला. "जन्मभर तिला म्हनत आलो, जरा गप बस. आता घर एवढं गप असतं, की जेवन जात नाय. तुमी तिच्यासारख्याच बडबडता. मधी मधी घुसता. म्हनून दर रविवारी रेडिओ लावून बसतो. तुमी बोलत राहा. तिला कदी सांगितलं नाय, पन मला तिचं बोलनं लय आवडायचं."

हेमांगीनं पुढ्यातला प्रश्नांचा कागद बाजूला सारला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं कधी भाजी चांगली झाली म्हणूनही सांगितलं नव्हतं. आणि आज दुसऱ्याच्या आवाजाआड लपून हे!

"तिला माहीत होतं," ती डोळे पुसत माइकमध्ये म्हणाली. "तुम्ही... तुम्ही पुन्हा फोन करा हं. नक्की करा."

त्यानंतर आशालताबाई आपणहून त्या माणसाशी बोलत बसल्या, पाऊस, मीठ, बायको, सगळ्यावर. हेमांगी पहिल्यांदाच मध्ये पडली नाही. ती बाहेर आली तेव्हा लुईससर रुमालात नाक शिंकरत होते. "भक्तिगीतं राहू देत," एवढंच ते म्हणाले.

परतताना तिनं बाजारातून चांगली ताजी पापलेटं घेतली. घरी येऊन तळली, प्रल्हादच्या ताटात मोठी तुकडी वाढली आणि पंख्याखाली त्याच्यासमोर गप्प बसून राहिली. कितीतरी दिवसांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. केस पिकले होते, पण माणूस अजून देखणा होता.

प्रल्हादनं संशयानं एकदा ताटाकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं.

"आज बोलत का नाहीस? रागावलीस ना?" तो घास हातात धरून म्हणाला. "अगं, शपथ घेऊन सांगतो, मी सारखा फोन लावत होतो. पण शेवटपर्यंत एंगेज! कोण एवढा चिकटून बसला होता?"