पाहुण्यासाठी दाढी

परका माणूस घरी येणार म्हटल्यावर नवऱ्याला गबाळा कसा बसवायचा? हेमलताबाईंनी लकवा झालेल्या भास्कररावांना न्हाऊ घातलं, दाढी केली, इस्त्रीचा सदरा चढवला आणि उशांच्या आधाराने दिवाणावर बसवलं. अडीच तास लागले.

मग विमा कंपनीचा तरुण अधिकारी तपासायला आला. अपंगत्व गंभीर ठरलं, तरच मदतनीस ठेवायला पैसे मिळणार होते. त्यासाठी तर सतरा वर्षं हप्ते भरले होते. त्याने भास्कररावांकडे कौतुकाने पाहिलं आणि फॉर्मवर भराभर खुणा केल्या.

"एकदम टापटीप आहेत! म्हणजे अंघोळ जमते, कपडे जमतात, चालणंही जमतं. अभिनंदन काकू, हे गंभीर अपंगत्वात बसत नाहीत."

"अहो, ते सगळं मी केलंय!"

"ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही."

बाईंच्या कपाळाची शीर तडतडली, पण आवाज साखरेसारखा गोड झाला. "बरं. यांना आता संडासला न्यायचंय. तुमच्या कागदावर ते चालतातच, तेव्हा तुम्ही नुसता हात द्या."

अधिकाऱ्याने काखेत हात घालून उचललं. वीतभर वर जाऊन दोघेही दिवाणावर कोसळले. भास्करराव वर, साहेब खाली.

"काकू, धरा! एकट्या माणसाला नाही पेलवत हे!"

"वय काय तुमचं?"

"एकतीस!"

"मला बहात्तरावं चालू आहे." बाईंनी फॉर्म त्याच्या नाकासमोर धरला. "आत्ता बोललात तेच इथे लिहा. मग धरते."