बेंजोची उचकी

बंकटच्या खांद्यावर शाल पडली आणि मुक्ताबाईनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "उठा. आज न्हाई उठलात तर मग मसणातच सांगा."

तीन वर्षं पाऊस नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून सहकारी साखर कारखाना बंद. यंदा एकदाचा बॉयलर पेटला, तेव्हा मोळीपूजनाला वडवणीहून बंकटची बेंजो पार्टी आणलेली. बंकटची 'उचकी' साऱ्या तालुक्याला ठाऊक. चाल भरात येते, मधेच एक ठोका दम खाते आणि पुन्हा धावत सुटते. त्या एका ठोक्याला नाचणाऱ्यांचे उचललेले पाय हवेतच राहतात. "ही उचकी मला योगेश्वरीनं सपनात येऊन दिली," असं त्यानं आत्ताच माईकवर सांगितलं होतं. चेअरमन अर्जुनरावांनी डोळे पुसले. त्यांचं काय, ते कशालाही पुसतात.

निवृत्तीबाबा उठले.

"देवीनं न्हाई दिली," ते म्हणाले. "बहात्तरच्या दुष्काळात आमी खडी फोडायला व्हतो. जेवणाच्या सुट्टीत मी बेंजो वाजवायचो. खडीची धूळ एका बटणाखाली बसली. दाबलं की वर येईना. नखानं उचकटंपर्यंत एक ठोका रिकामा जायचा. तीच ही उचकी. तुझा बाप माझ्या शेजारीच खडी फोडायचा, बंकट. त्यानं तितंच ऐकली."

बंकट काही वाईट माणूस नव्हे. त्याला खरंच देवी दिसली असेल. "वाजवा मग, बाबा," म्हणत त्यानं माईक पुढं सरकवला.

बाबांनी सोबत आणलेल्या आपल्या जुन्या बेंजोचं फडकं सोडलं, तो मांडीवर घेतला आणि वाजवला. चाल सुरू झाली ती तेल दिल्यासारखी थेट शेवटाला गेली. उचकी नाहीच. कुणाचा पाय हवेत राहिला नाही, कारण कुणी उचललाच नव्हता.

"चाल चांगली हाय," अर्जुनराव म्हणाले, "पर ती ही न्हाई."

"बाबा, बंकटची शिकवणी लावा," मागून कुणीतरी बोललं. मांडव हसला.

बाबांनी बायकोकडं पाहिलं. मुक्ताबाईनं जीभ चावली. चारचौघांत वाजवायचं म्हणून तिनंच परवा गुपचूप बेंजो अंबाजोगाईला नेऊन दुरुस्त करून आणला होता. "एकबी बटण अडकता कामा नये," असं वर बजावलंही होतं. बहात्तरची धूळ त्या भल्या कारागिरानं ब्रशनं झाडून टाकली होती.

बाबांनी फडकं उचललं. शाल गेली तर गेली, पण आता लोक खोटारडाही म्हणणार. "चल घरी," ते म्हणाले.

मुक्ताबाई घरी गेली नाही. मांडवाबाहेर गेली, चिमूटभर माती घेऊन आली आणि त्याच बटणाखाली घातली.

"झाला खराब," ती म्हणाली. "वाजवा आता."

चाल भरात आली. बटण खाली गेलं ते वर येईना. बाबांचं नख आपसूक पुढं झालं. पुढच्या रांगेतले पाय हवेत थांबले. अर्जुनरावांचाही एक.

बंकटनं शाल काढून बाबांच्या खांद्यावर घातली. मग तो हळूच मुक्ताबाईच्या कानाशी वाकला.

"मावशी, माती कुठली घेतली?"