दहापैकी नऊ

"सिनेमासारखा गेम आहे आपला. समीक्षक नुसता बघत बसला तरी शेवटापर्यंत पोचेल," टाम्पेरे शहरातल्या छोट्या व्हिडिओ गेम कंपनीचा मालक वेइक्को कॉफीत बन बुडवत म्हणाला. गेम बनवणाऱ्या काइसूचा सगळा जीव त्या शेवटातच होता. पाच वर्षं खपून तिनं तो घडवला होता. नेमकी समीक्षकांना पाठवलेल्या प्रतीत एका चुकीमुळं नायकाची लिफ्ट मधेच बंद पडली आणि गेम पुढं सरकेना.

काइसूनं धावपळ करून दुपारपर्यंत ती चूक दुरुस्त केली. तेवढ्यात हेलसिंकीच्या बड्या समीक्षकाचा लेख आला.

"दहापैकी नऊ. नायक लिफ्टमध्ये कायमचा कोंडला जातो आणि गेम तिथंच संपतो. इतका धाडसी शेवट सिनेमालाही जमलेला नाही."

"अरे, त्यानं अर्धा गेमसुद्धा बघितला नाहीये," काइसू कळवळून म्हणाली.

"मग कुठं बोलू नकोस," वेइक्को म्हणाला. "तुझ्या मागच्या गेमचा शेवट सगळ्यांनी बघितला होता. पाच मिळाले होते."

 

संध्याकाळी काइसूनं स्वतःच्या हातानं दुरुस्ती काढून टाकली आणि गेम बाजारात गेला. आता लिफ्ट सगळ्यांचीच बंद पडते.